बिबट्यासाठी रिव्हॉल्व्हर

भित्र्या माणसाला शस्त्राची ओढ फार. हे मी अनुभवाने सांगतो, कारण मी स्वतः पहिल्या प्रतीचा भित्रा आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये आमच्या शिरूर कासारच्या शेजारी, आष्टी तालुक्यात, बिबट्याने तीन बळी घेतले. इकडे आमच्या शेतीची वीज यायची नेमकी रात्री. पिकाला पाणी तर द्यायला हवे. म्हटले, रिव्हॉल्व्हर घ्यावे! एका माजी फौजदार स्नेह्यांना गाठले.

"परवाना मिळाला तर कानपूरचं बत्तीस बोअरचं घ्या," ते म्हणाले. "पण मास्तर, बिबट्या मागून येतो. तुम्ही दारं धरायला वाकलेले. तुमचा चष्मा कुठं असतो?"

"कपाळावर."

"मग झालंच!"

तरी मी हटलो नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बिबट्याला पूर्ण संरक्षण आहे; पण जीव वाचवताना सद्हेतूने मारला तर तो गुन्हा नाही. कायदा माझ्या बाजूने होता. सौभाग्यवती नव्हती.

"अहो, बिबट्या जन्मात एकदा दिसेल न दिसेल. बांधावर भावकी रोज दिसते. रिव्हॉल्व्हरला हा फरक कसा कळायचा?"

मी गप्प झालो. चुलतभावाशी माझा वीतभर बांधावरून वाद आहे. शब्दाला शब्द वाढला की माझा हात आपोआप कमरेकडे जातो. सध्या तिथे फक्त करगोटा असतो, म्हणून आम्ही दोघेही हयात आहोत. शस्त्र आपण एका शत्रूसाठी निवडतो; उरलेल्या दिवसांत ते स्वतःच शत्रू निवडू लागते. जिवाचे रक्षण करण्याचा हक्क मला आहे, कबूल. पण त्यासाठी रोज दुसऱ्याच्या जिवाला घोर लावण्याचा आहे का?

तो बिबट्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात गोळीनेच मारला गेला. पण ती वनखात्याच्या हुकमाने, नेमबाजाने घातलेली गोळी होती. कपाळावर चष्मा असलेल्या मास्तराची नव्हे.

आणि खरे भय कुणाला? आमच्या तालुक्यातली माणसे दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. जुन्नरकडे तर बिबट्याची मादी उसातच वितें; तिथेच फडाशेजारी कोपीत यांची लेकरे झोपतात. कोणते रिव्हॉल्व्हर घ्यावे, असे त्यांना कुणी विचारत नाही. त्यांना हवे आहे बंद होणारे दार आणि रात्रभर जळणारा दिवा. मला हवी होती दिवसाची वीज. या गोष्टी कमरेला लटकवून मिरवता येत नाहीत, एवढाच त्यांचा दोष.

अखेर मी एक बॅटरी आणि घुंगरांची काठी घेतली. रात्री एकट्याने जाऊ नये म्हणतात, म्हणून सोबतीला चुलतभाऊ. मी वाकून दारं धरतो, तो मागे उजेड धरून उभा राहतो.

बिबट्या काही आला नाही. बांधाचा वाद अजून आहे. पण तो मी दिवसाच काढतो. रात्री माझी पाठ त्याच्याकडे असते.