पापणीचे प्रमाण

महानुभाव पंथाच्या स्मृतींत एक प्रसंग आहे. केशिराजांसारख्या विद्वान शिष्याने संस्कृतात लिहू नये, कारण त्यायोगे पंथातील वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, असे नागदेवाचार्यांनी त्यांना बजावले. ज्ञानाची पात्रता शिष्याने संपादावी हा परंपरेचा दंडक. आचार्यांनी मात्र पात्र होण्याचा भार ग्रंथावर टाकला. संकेतस्थळे रचणाऱ्यांपुढे आज हाच प्रश्न उभा आहे, आणि तो मुळात अधिकारभेदाचा, म्हणजे धर्माचा प्रश्न आहे, असे मला वाटते.

काठिण्याचे समर्थन काही ठिकाणी करता येते. ब्रह्मसूत्रांच्या अध्ययनात साधकाला पडणारे श्रम हे फलाचेच अंग असतात. त्यांनी बुद्धी परिपक्व होते. परंतु निवृत्तिवेतनाचा अर्ज रुजू करताना अथवा सातबाऱ्याचा उतारा काढताना जे श्रम केवळ रचनाकाराच्या अनवधानामुळे पडतात, त्यांनी कोणाचेही चित्त शुद्ध होत नाही. उलट सत्तर वर्षांचा मनुष्य, ज्याने उभा जन्म चोख हिशेब ठेवले, तो स्वतःलाच अडाणी समजून उठून जातो. हा अन्याय आहे, आणि तो मुकाट्याने सोसला जातो म्हणून अधिक दारुण आहे.

याची परमावधी ज्या प्रकरणात झाली, त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिला. खातेदाराची ओळख दुरून पटवताना तो जिवंत मनुष्य आहे, छायाचित्र नव्हे, याची खात्री व्हावी म्हणून त्याला पापण्या मिटण्यास सांगतात. ॲसिड हल्ल्यात ज्यांचे डोळेच भाजले, त्यांनी काय करावे? प्रमाणशास्त्राचा साधा नियम असा की लक्षण लक्ष्याला सर्वत्र व्यापणारे हवे. येथे समोर बसून बोलणारी, श्वास घेणारी व्यक्ती लक्षणात बसली नाही, आणि दोष लक्षणाचा न मानता व्यक्तीचा मानला गेला. या व्यक्तींनी व एका अंध गृहस्थाने दाद मागितली. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने ठरवले. दयेची भाषा तेथे संपली, हे योग्यच झाले.

अंध मनुष्य पडद्यावरील मजकूर स्क्रीन रीडरच्या आवाजात ऐकतो. रचनाकाराने बटणाला नाव दिले नसेल, तर तो आवाज नुसते ‘बटण’ एवढेच म्हणतो. ते अर्ज पाठवण्याचे की रद्द करण्याचे, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. ते नाव लिहिण्यास दोन शब्द लागतात.

संकेतस्थळे रचणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे: आपले काम लोकांपुढे ठेवण्यापूर्वी पडदा झाकून ठेवा, केवळ कानांच्या आधारे स्वतःचा एक अर्ज प्रारंभापासून पोचपावतीपर्यंत भरून पाहा, आणि जेथे अडाल तेथे दुरुस्ती करा.