ढासळण्यासाठी उभारलेली वास्तू

जी वस्तू मुळातच काही महिन्यांसाठी घडविली गेली, तिला चिरकाल राखणे म्हणजे तिच्यावर प्रेम करणे की तिचे म्हणणे न ऐकणे? सॅन फ्रान्सिस्कोतील ‘पॅलेस ऑफ फाइन आर्ट्‌स’चा इतिहास वाचल्यापासून हा प्रश्न आमची पाठ सोडीत नाही.

१९०६ च्या भूकंपात आणि आगीत ते शहर उद्ध्वस्त झाले. नऊच वर्षांनी, १९१५ साली, तेथे जागतिक प्रदर्शन भरले. त्यासाठी बर्नार्ड मेबेक या वास्तुशिल्पज्ञाने तळ्याकाठी भव्य घुमट आणि स्तंभांच्या रांगा उभारल्या. दिसायला पाषाण, प्रत्यक्षात सांगाड्यावर थापलेला प्लास्टर आणि तागाच्या धाग्यांचा लेप! रोमन भग्नावशेषांची उदासी मेबेक यांना तेथे हवी होती. स्तंभांवरील स्त्रिया आपल्याकडे पाठ करून, मान खाली घालून अश्रू ढाळीत आहेत.

प्रदर्शन चालू असतानाच ही वास्तू वाचविण्यासाठी फीबी हर्स्ट यांच्या पुढाकाराने मंडळ स्थापन झाले. वास्तू वाचली; पण लेप गळू लागला. दुसऱ्या महायुद्धात तेथे लष्कराची वाहने उभी राहिली. वृद्ध मेबेक यांनी सुचविले, की घुमटाभोवती रेडवूडची झाडे लावावीत आणि वास्तूला ढासळू द्यावे. १९५७ साली ते निवर्तले. १९६४ मध्ये वास्तू पाडून, मूळ रूपाबरहुकूम काँक्रीटमध्ये पुन्हा बांधण्यास प्रारंभ झाला.

नगराने कर्त्याची इच्छा डावलली, असे आम्हांला प्रथम वाटले. मृत्यूचे स्मरण देण्यासाठी घडविलेल्या वस्तूला अमरत्व देणे, हा केवढा विपर्यास! परंतु ज्यांनी आपली घरे डोळ्यांदेखत जळताना पाहिली, त्यांना विनाशातील सौंदर्य पाहा, असे कोणत्या तोंडाने सांगावे? ते चिंतन ज्याचे घर शाबूत आहे त्यालाच परवडते. (आम्हीही शाबूत छपराखाली बसूनच हे लिहीत आहोत.)

अर्थात, १९६४ साली त्या पिढीतले थोडेच उरले होते. मुलांनी आईवडिलांची आठवण राखली, एवढे त्यांच्या बाजूने खचित म्हणता येईल. मात्र राखले ते रूप. मूळ द्रव्य नव्हे. तेथे येणाऱ्या पाहुण्याला तेवढे प्रांजळपणे सांगितले, तर त्यात फसवणूक नाही, असे आमचे मत आहे. मेबेक यांचे समाधान मात्र त्याने झाले असते, असे आम्हांला वाटत नाही.

त्या स्त्रियाही नव्याने घडविल्या गेल्या. काँक्रीटच्या झाल्या, तरी त्यांनी आपल्याकडे तोंड वळविलेले नाही.