त्याचं उत्तर तू का दिलंस?

बस समोर. काल नागपूरच्या दवाखान्यात चारचौघांत बोललो नाही, आज बोलतो.

डॉक्टरांनी पेशंटला विचारलं, "कसं वाटतंय?" तो सावकाश सांगू लागला, "३० जुलै १९९१ ले मोवाडात वर्धेचं पाणी शिरलं, तवा पायाखालून..." तेवढ्यात तू त्याचा हात दाबलास. "सोडा डॉक्टरसाहेब, याचं असंच चालते." अरे, वर्गात कोणाला मध्येच तोडू दिलं का मी कधी? मी पुन्हा विचारलं तेव्हा काय म्हणाला तो? "गोळी सुरू झाल्यापासून तसंच पाण्यात उभं असल्यावानी वाट्टे." घेरी येत होती त्याला! डॉक्टरांनी मनगट धरलं, तर नाडी मंद. स्मृतिभ्रंशासाठी सुरू केलेल्या डोनेपेझिलने नाडी मंदावू शकते, हे डॉक्टरांना ठाऊक; पण घेरी येते हे त्याच्याशिवाय कोण सांगणार होतं? आजचे शब्द सापडत नाहीत, म्हणून तो जुन्याचा आधार घेत होता. तोही तू काढून घेतलास.

आणि ती पिशवी! बीपीची, साखरेची पाकिटं आणलीस, सर्दीची गोळी घरीच ठेवलीस. काहून? "ती तर मेडिकलमधून घेतली, सर." मेंदूतलं जे ॲसिटिलकोलीन टिकावं म्हणून डोनेपेझिल देतात, त्याचंच काम सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन अडवतं. संत्र्याला पाणी सोडून पुढे दांड बुजवशील का तू?

वर त्याच्यादेखत म्हणालास, "फरक तर काहीच नाही, बंद करू का?" या गोळीने आजार मुळातून जात नाही; काही काळ माणूस थोडा सावरतो. चालू ठेवायची, कमी करायची की थांबवायची, हे डॉक्टर ठरवतील. तू परस्पर एकही गोळी बंद करायची नाहीस.

आता वही काढ. घरातली प्रत्येक गोळी लिही, काढ्यासकट. कधी पडला, कधी जेवला नाही, कधी झोपला नाही, तारखेसह लिही. दवाखान्यात त्याच्या शेजारी बस, आधी त्याला बोलू दे, राहिलेलं मग तू सांग.

आणखी एक. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे उपचारांच्या बाबतीत आपला प्रतिनिधी त्याला स्वतः नेमता येतो. साधा कागद आणि त्याची सही किंवा अंगठा पुरतो. त्याला समजतंय तोवर हे करून घे. कोणाचं नाव लिहायचं, हे त्यालाच विचार. आणि विचारलंस की गप्प बस. कितीही वेळ लागू दे, उत्तर त्याचं त्याला देऊ दे.