परवडणं कुणाचं?

आमच्या गल्लीतल्या मेडिकलच्या काउंटरला एक कात्री दोरीने बांधलेली असते. महिनाअखेरीला तिला उसंत नसते. ‘पाचच दिवसांच्या द्या, पगार झाला की उरलेल्या नेतो,’ म्हणत माणूस तीस गोळ्यांची चिठ्ठी पुढे करतो. दुकानदार पट्टी कापतो; एक्स्पायरी छापलेला तुकडा दुकानात राहतो. रक्तदाबाच्या गोळीचं असं भागतं.

नव्या औषधांना ही कात्री पुरत नाही. बायर या जर्मन कंपनीचं ‘नेक्सावार’ यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावर देतात. भारतात त्याच्या महिन्याच्या १२० गोळ्यांना सुमारे २ लाख ८० हजार रुपये पडत. बळावलेला रोग त्याने बरा होत नाही, आयुष्य काही महिन्यांनी वाढतं. मला सगळ्यात जास्त हेच छळतं. माणूस बरा होणार असेल तर शेत विकायला घर तयार होतं. तीन महिन्यांसाठी विकायचं का, हे कुणी कुणाला विचारायचं? मग आजारी माणूसच ‘नको’ म्हणतो. त्या ‘नको’त रोगाचा थकवा किती आणि किमतीची धास्ती किती, हे घरात कुणी उकलत बसत नाही.

‘परवडत नाही’ हे आपल्याकडे विकणाराही म्हणतो आणि घेणाराही. भाजीच्या गाडीवर दोघांचं जुळेपर्यंत घासाघीस चालते. नाहीच जुळलं तर गिऱ्हाईक पुढच्या गाडीकडे जातं. पेटंटच्या औषधाला पुढची गाडीच नसते.

हैदराबादच्या नॅटको कंपनीने ती गाडी लावायची परवानगी मागितली: हेच औषध, महिन्याला ८,८८० रुपये. पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी ९ मार्च २०१२ रोजी सक्तीचा परवाना दिला, भारतातला पहिला. पेटंट कायद्याचं ८४वं कलम वाजवी, परवडणाऱ्या किमतीची भाषा करतं, आणि भांडण त्याच शब्दांवर होतं. बायरचं म्हणणं, वाजवी काय ते ठरवताना संशोधनाचा खर्चही धरा. कुरियन यांनी परवडणं मुख्यतः जनतेच्या बाजूने मोजलं. बायरला विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी ठेवली, ती अपिलात ७ झाली. दरवर्षी किमान ६०० गरजू रुग्णांना औषध फुकट द्यायची अट नॅटकोवर घातली. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला.

संशोधनाला पैसा लागतो, वर्षं जातात, कितीतरी औषधं मधेच फसतात. हे मला मान्य आहे. पण पेटंट म्हणजे वाडवडिलांची जमीन नव्हे. वीस वर्षं दुसऱ्या कुणी हे करू नये, असा हुकूम समाज आपल्या कायद्याने देतो, आणि औषध रोग्यापर्यंत पोचावं एवढीच त्याची अपेक्षा असते. ते मूठभरांच्याच हाती पडत असेल तर तो हुकूम शिथिल करायचा हक्कही समाजाचाच आहे. यात कंपनीवर अन्याय होतो असं मला वाटत नाही. रॉयल्टी तिला मिळतेच.

त्यानंतर तसा दुसरा परवाना दिला गेलेला नाही. एखाद्या कंपनीने अर्ज करण्याची वाट पाहायलाच हवी असंही नाही. त्याच कायद्याच्या ९२व्या कलमाने अत्यंत निकडीच्या वेळी किंवा सार्वजनिक, बिगरव्यापारी वापरासाठी केंद्र सरकार स्वतः अधिसूचना काढून अशा परवान्यांची वाट मोकळी करू शकतं. परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर गावोगावची माणसं फाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, उशाशी घेऊन झोपलेली दिसतात. ही निकड नाही, असं त्यांच्यापाशी उभं राहून मला तरी म्हणवत नाही.