नोंदवहीतील नाव आणि घरातील माणूस

साठी बुद्धी नाठी, म्हातारचळ, विसरभोळेपणा अशी नावे वार्धक्यातील विस्मरणाला आपल्या भाषेने फार पूर्वीच देऊन ठेवली आहेत. पहिल्यात उपहास आहे, दुसऱ्यात अवहेलना, तिसऱ्यात थोडी माया. ती उच्चारताना कोणी कागदावर शिक्का उमटवीत नसे. आता वैद्यकशास्त्राने याच प्रदेशात 'माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट' असे एक नाव आणले आहे. मराठीत आपण त्यास सौम्य बोधक्षीणता म्हणू. या नावासोबत एक क्रमांकही येतो. तो मिळाल्यावर त्या माणसाचे घरातील स्थान काय राहते, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

अवस्था कोणती ते आधी पाहू. तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो, ओळखीचा शब्द ओठांवर येऊन अडतो, ठरलेली भेट ध्यानातून जाते, हिशेब जुळवताना धागा सुटतो. वयोमानाने व्हावे त्याहून हे अधिक असते; मात्र माणूस आपले नित्याचे व्यवहार स्वतः सांभाळीत असतो. या 'मात्र'वर सारे उभे आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रोनाल्ड पीटरसन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली जे निकष प्रसिद्ध केले, त्यांत स्मृतिभ्रंश नसणे आणि दैनंदिन व्यवहार शाबूत असणे या अटीच आहेत. पुढे यांतील काहींना स्मृतिभ्रंश होतो, काही वर्षानुवर्षे तसेच राहतात, काही पूर्ववतही होतात. थायरॉइडची मंदता, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, नैराश्य, एखाद्या औषधाचा परिणाम अशी दूर होण्याजोगी कारणेही मागे असू शकतात.

आता क्रमांकाविषयी. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे मूळ झाक बेर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली मांडलेल्या यादीत आहे, आणि ती यादी मृत्यूच्या कारणांची होती. जिवंतांचे आजार तिच्यात रीतसर आले ते १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत. मृतांची मोजदाद करण्यासाठी आखलेल्या वहीत आज तोच प्रश्न दोनदा विचारणाऱ्या आजोबांची नोंद होते! अमेरिकेत या अवस्थेस स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००६ च्या ऑक्टोबरात. तेथील आजचा क्रमांक जी ३१.८४ मज्जासंस्थेच्या रोगांत मोडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या आवृत्तीने हिच्या जवळची अवस्था एफ ०६.७ म्हणून मानसिक विकारांत बसविली. एकच विस्मरण एका पानावर मेंदूचे, दुसऱ्यावर मनाचे. २०२२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील क्रमांकाच्या नावापुढे 'कारण अनिश्चित वा अज्ञात' अशी पुस्ती जोडण्यात आली. वहीने आपले अज्ञान इतक्या मोकळेपणाने लिहावे, हे आम्हांस मोठे प्रामाणिक वाटते.

क्रमांकाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. तेथे विम्याकडून तपासणीचा खर्च मिळण्यास तो लागतो. २०२३ साली तेथे मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे अल्झायमरवरील औषध आरंभीच्या अवस्थेतच द्यावयाचे असते. तेव्हा नाव वेळेवर कळण्यास अर्थ आहे. अडचण सुरू होते ती कागद घरी आल्यावर.

व्यवहार शाबूत आहेत म्हणून ज्याला हे नाव मिळाले, त्याच्याच हातून दुसऱ्या दिवशी पासबुक काढून घेतले जाते. जमिनीचा सौदा, नातीच्या लग्नाची बोलणी यांत त्याला विचारणे थांबते. तो काही बोलला की सारे एकमेकांकडे पाहतात. काल जे त्याचे मत होते ते आज लक्षण ठरते. याहून सूक्ष्म अन्याय दुसराच आहे. त्याला बाहेर बाकावर बसवून डॉक्टर निदान मुलाला सांगतात. 'बाबांना कळले तर ते खचतील,' ही भाषा प्रेमाची असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मृत्युपत्र करणे, जुने भांडण मिटविणे, पुढे आपली शुश्रूषा कोणी व कशी करावी हे सांगणे, यांसाठी त्याच्यापाशी असलेला काळ हाच. निदान लपविणारा तो काळच त्याच्याकडून हिरावून घेतो.

आपल्या देशाचा २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की, मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कोणी विकल मनाचा ठरत नाही. तसे ठरविणे सक्षम न्यायालयाचे काम. पुढील उपचारांविषयी आगाऊ लेखी निर्देश देण्याचा हक्कही हा कायदा देतो. मग ज्याला स्मृतिभ्रंश झालेलाच नाही, त्याच्यावर घराने कायद्याहून कमी विश्वास ठेवावा काय?

फसवणुकीचे भय खरे आहे, आणि वृद्धांच्या अंगठ्यांवर गेलेल्या जमिनींच्या कथा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. त्यासाठी बँकेत सोबत जावे, कागद सावकाश मोठ्याने वाचून दाखवावा, आणि सही त्यालाच करू द्यावी. एखादे दिवशी ती वाकडी आली, तर दुसरा चेक लिहिता येतो.