बागेची राखण



आपल्या जिल्ह्यातले लोणार सरोवर उल्कापाताने झाले. त्याच्या खाऱ्या पाण्यात इतरत्र न तगणारे सूक्ष्मजीव नांदतात. जून २०२० मध्ये पाणी आटून क्षार वाढले, तेव्हा अशाच जीवांमुळे सरोवर गुलाबी झाले. पावसानंतर तो रंग ओसरला. हा बदल निसर्गाचा. पण सांडपाणी आणि शेतातली खते त्यात उतरतात, तो बदल माणसाचा. त्याने पाण्याचा गुणच पालटला, तर हे जीव आपल्याला पुन्हा घडवता येणार नाहीत.

परमेश्वराने आदामाला बागेत ठेवले ते मशागत आणि राखण करण्यासाठी (उत्पत्ती २:१५). मशागत आपण करतो, राखणीचे काय? आपल्या घरचे सांडपाणी कुठे जाते, हे या आठवड्यात पाहू या. प्रभू आपल्याला विश्वासू राखणदार करो. आमेन.