विकत घेतलेलें अंगण

घराच्या खरेदीखतांत चतुःसीमा लिहिलेल्या असतात. पूर्वेस अमक्याची मिळकत, पश्चिमेस रस्ता. त्याखालीं जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण यांसह जागा दिल्याचा जुना मजकूर येतो. शब्द जुन्या सनदांतले आहेत आणि नोंदणी-कचेरींतला कारकून ते न वाचतांच पुढें सरकवितो. विकणाराच्या मनांत त्या जागेविषयीं जी इच्छा असते तिला मात्र या यादींत स्थान नाहीं. ती इच्छा घेणाराच्या अंगावर किती येते, हा प्रश्न आमच्यापुढें ग्रंथांतून आला नाहीं.

२०२१ सालीं आम्हीं बेळगांवच्या टिळकवाडी भागांत एक जुनें घर घेतलें. विटा-चुन्याच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौलें, पुढें पडवी आणि भोंवतीं नऊ गुंठे मोकळी जागा. नऊ गुंठे म्हणजे जवळजवळ नऊ हजार आठशें चौरस फूट. त्यांत घरानें अडविलेली जागा पंचमांशहि नाहीं. घर पाहावयास गेलों तेव्हां स्नेह्यांनीं शिकविल्याप्रमाणें आम्हीं वाशांना टांचणी टोचून वाळवी पाहिली, भिंतींच्या भेगांत पोस्टकार्ड सरकवून पाहिलें, विहिरींत खडा टाकला. (खडा टाकून काय समजतें हें आम्हांस अद्याप कळलेलें नाहीं, पण सर्वजण टाकतात.) वाळवी निघाली, भेगा निघाल्या, दर पावसाळ्यापूर्वीं छप्पर शाकारावें लागेल हेंहि दिसलें. हे दोष किंमतींतून वजा झाले. परंतु किंमत उतरली ती मुख्यतः दुसऱ्याच कारणानें.

घराच्या मालकीणबाई ऐंशीच्या घरांतल्या होत्या. एका इमारत बांधणाऱ्या गृहस्थानें आमच्या सव्वापट रक्कम त्यांना देऊं केली होती. बाईंच्या मुलाचें मन तिकडे होतें, आणि त्यांत अस्वाभाविक कांहीं नव्हतें. बाईंनीं आम्हांला पडवींत बसवून चहा दिला आणि म्हणाल्या, "सर, फणस तोडूं नका, आणि जागेचे तुकडे पाडूं नका. एवढें असेल तर घर तुमचें." आम्ही म्हणालों, "बरें." सबंध व्यवहारांतील मोलाचा शब्द हाच, आणि त्यावर मुद्रांक लागला नाहीं.

वकिलांना हें सांगितलें तेव्हां ते हंसले. १८८२ च्या मिळकत-हस्तांतराच्या कायद्याचें अकरावें कलम असें, कीं एकदां संपूर्ण मालकी दिली म्हणजे घेणारानें तिचा उपभोग अमक्याच रीतीनें घ्यावा ही अट त्याजवर चालत नाहीं. अपवाद एकच : विकणाराची दुसरी जागा शेजारीं असेल आणि तिच्या सुखासाठीं अट घातली असेल तर गोष्ट निराळी. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरची बाग अशाच अटीमुळें १८४८ सालीं न्यायालयांत वांचली. तेथें मूळ मालकाचीं घरें बागेभोंवतीं होतीं. आमच्या बाईंजवळ विक्रीनंतर एक वीतभरहि जमीन उरली नाहीं. म्हणजे कायदा शेजाऱ्याच्या सोयीला ओळखतो, माणसाच्या मायेला ओळखीत नाहीं. यांत आम्ही कायद्यास दोष देत नाहीं. प्रत्येक जुन्या मालकाची इच्छा जमिनीला चिकटून राहिली असती, तर जिवंतांना पाय ठेवावयास जागा उरली नसती. आपला कौटिल्यहि घर विकतांना नातलग, शेजारी आणि धनको यांना क्रमानें अगोदर विचारावें असें सांगतो. तो हक्क पुन्हा जिवंतांचाच.

चौदा महिन्यांनीं बाई वारल्या. वचन घेणारें माणूसच उरलें नाहीं, तर वचन कोणापाशीं मोडावयाचें? पुष्कळ सुबुद्ध माणसें म्हणतील, कीं मृतास इजा होत नाहीं, म्हणून अन्यायहि होत नाहीं. आम्हांला हें पटत नाहीं, आणि त्याचें कारण भावनेंत नसून हिशेबांत आहे. बाईंनीं जी रक्कम सोडली ती आमच्या "बरें" या शब्दाची किंमत होती. तो शब्द आम्हीं पाळला नाहीं, तर घराचा काहीं भाग आम्हीं पैसे न देतां घेतला असें होईल. सावकार मेल्यानें ऋण फिटत नाहीं.

येथवर सरळ आहे. परंतु आमच्या महाविद्यालयांतील एका तरुण सहकाऱ्यानें एकदां फणसाखालीं बसूनच आम्हांस विचारलें, "सर, या जागेंत पंधरा-सोळा कुटुंबें राहिलीं असतीं. तुम्ही दोघे राहतां. हें वचन तुम्हांला सोयीचें नाहीं काय?" आम्ही निरुत्तर झालों. लॉकनें मालकीच्या मुळाशीं घातलेली अट, कीं इतरांना पुरेसें आणि तितकेंच चांगलें उरावें, ती आम्ही वर्गांत तीस वर्षें शिकवीत आलों आहों. शहरांत ती अट कोणाकडूनच पुरी होत नाहीं. मोकळ्या मातींत पाऊस मुरतो, शेजारच्या विहिरीला त्याचा उपयोग होतो, हें आम्ही त्याला सांगितलें. तें खरेंहि आहे. पण तें बोलतांना आमचा आवाज आम्हांलाच वकिलाचा वाटला.

याहून अवघड गोष्ट आमच्या घरांतली आहे. हें घर घेण्यासाठीं आम्हीं गांवाकडील वडिलार्जित शेत विकलें. मिताक्षरेप्रमाणें त्या शेतांत मुलाचा जन्मतः वांटा होता. त्यानें कागदावर सही दिली, कारण बापानें मागितली. तो बंगळूरला सहाव्या मजल्यावरील दोन खोल्यांत राहतो, कर्जाचे हप्ते फेडतो, आणि त्याची मुलगी शिशुवर्गांत जाते. गेल्या दिवाळींत त्यानें अगदीं हळू विचारलें, कीं पुढची चार गुंठे विकतां येईल काय. फणस मागें आहे, त्याला धक्का लागणार नाहीं. आम्हीं बाईंचा दुसरा शब्द सांगितला. तो म्हणाला, "बाबा, तुम्हीं शब्द दिलात. माझ्या वांट्याचा शब्द मला विचारून दिला होता काय?"

विचारला नव्हता. बाईंपाशीं "बरें" म्हणतांना आम्हांला फक्त फणस दिसला. विकलेलें शेत दिसलें नाहीं. ज्या पैशावर आम्ही उदार झालों तो सर्वस्वीं आमचा नव्हता. एकीकडे मृत बाईंचें ऋण आणि दुसरीकडे जिवंत मुलाचें, दोन्ही एकाच जमिनीवर! आमच्या पत्नीचें मत असें, कीं आपण दोघे आहों तोंवर बाईंचा शब्द पाळावा, निवृत्तीच्या वेळीं येणाऱ्या पैशांतून मुलाचा वांटा त्याला चुकता करावा, आणि मग तो या जागेचा मालक होईल तेव्हां शब्दहि त्याच्या स्वाधीन करावा. पाळावा अशी आज्ञा करूं नये, फक्त तो कसा दिला गेला तें सांगावें. शब्द असा वारशानें देतां येतो काय, हें आम्ही ठरवूं शकलों नाहीं. मृत्युपत्राचा पहिला कागद टेबलावर आहे. त्यावर चतुःसीमा तेवढ्या लिहून झाल्या आहेत.

यंदा फणस भरपूर धरला. आठ फळें उतरविलीं. एक बाईंच्या मुलाकडे पोंचविलें. त्यानें तें ठेवून घेतलें, पण बसा म्हणाला नाहीं.